पुष्पाबाईच्या पेपराला शून्य

प्रमिलाबाई साळवेंनी अकरा वर्षं देवाकडे एकच मागणं लावून धरलं होतं, की शेजारच्या पुष्पाबाईला शास्त्र, म्हणजे बायबल, ऐकायची गोडी लागू दे. देवाने ते ऐकलं. पण कसं ऐकलं बघा! पुष्पाबाईला गोडी लागली ती समोरच्या कुंदाबाईच्या ओट्यावर, लाल मिरच्यांची देठं खुडता खुडता. आता यावर माणसाने देवाचे आभार मानायचे की त्याच्याशी भांडायचं? प्रमिलाबाई सकाळी आभार मानायच्या आणि उरलेला दिवस भांडायच्या.

ही गल्ली धुळ्याची, देवपुरातली. प्रमिलाबाई नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी नाशिकला दिलेली. पुष्पाबाई पाटील शिरपूरकडची, सातवी शिकलेली. तिचा नवरा निंबाभाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. दोन घरांमध्ये एकच पातळ भिंत. पुष्पाबाईने भिंतीवर लाटणं आपटलं की इकडे समजायचं, चहा झालाय, या. वीस वर्षं हा चहा चुकला नव्हता. प्रमिलाबाईंचे यजमान गेले तेव्हा तेरा दिवस त्यांच्या घरची चूल पेटली नाही, कारण पुष्पाबाईने पेटू दिली नाही. दोन वेळची भाकरी तीच घेऊन यायची. ख्रिस्ती माणसांत तेराव्याचं काही नसतं हे तिला कोण सांगणार?

अशा बाईला आपला देव सांगावा असं प्रमिलाबाईंना वाटायचं, त्यात नवल नाही. पण सांगायची पद्धत मास्तरकीची. त्यांच्याकडे फ्लॅनेलचा फळा होता, त्यावर चिकटवायची रंगीत चित्रं होती, पौलाच्या प्रवासांचा नकाशा होता आणि हजेरीचं रजिस्टर होतं. पुष्पाबाई मैत्रीखातर दोन शुक्रवार आली. तिसऱ्या शुक्रवारी प्रमिलाबाई रानातल्या निवासमंडपाची लांबी-रुंदी सांगत असताना ती भिंतीला टेकून घोरायला लागली. उठवलं तर म्हणाली, "बाई, तुन्हा देवना मांडवनी मापं ऐकीसन मी काय करू? मन्हा घरनं पत्रं गळी ऱ्हायनं, तेनं काही सांग."

त्यानंतर प्रमिलाबाईंनी पत्रकं द्यायला सुरुवात केली. पुष्पाबाईने ती वाया घालवली नाहीत. देवाचा कागद पायदळी नको म्हणून तिने तो फडताळात बरण्यांखाली नीट अंथरला. हळदीच्या बरणीखाली योहान आणि मिठाच्या बरणीखाली डोंगरावरचं प्रवचन, अशी ती अकरा वर्षं गेली.

आणि मग १९८८ च्या श्रावणात समोरच्या रिकाम्या खोलीत कुंदाबाई गावीत राहायला आली. नवापूरकडची, आदिवासी ख्रिस्ती, जेमतेम तीस वर्षांची. नवरा बांधकाम खात्यात रस्त्याच्या रोलरवर. शिक्षण चौथी. वाचायची ती ओळीखाली बोट ठेवून, अडखळत. तिला पहिल्यांदा पाहून प्रमिलाबाईंना बरंच वाटलं होतं, की चला, आपल्यातलं एक घर वाढलं, हिला आपण तयार करू.

तयार कुठली करता! महिन्याभरात हिच्या ओट्यावर दर मंगळवारी दुपारी चार-पाच बायका. कुंदाबाईच्या माहेराहून मिरचीचं पोतं आलेलं असायचं. बायका देठं खुडायच्या, खोकायच्या, डोळे पुसायच्या आणि कुंदाबाई मधे बसून एक गोष्ट वाचायची. एकच. मग पुस्तक मिटून विचारायची, "यात देव कसा दिसला? माणूस कसा दिसला? आणि आता घरी जाऊन आपण काय करायचं?" संपला अभ्यास. नकाशा नाही, पाठांतर नाही, हजेरी नाही. बायका बोलायच्या, भांडायच्या, हसायच्या. लिलाबाई परदेशी, जी कोणाच्या हळदीकुंकवाला धड दहा मिनिटं बसत नसे, ती तिथे दीड तास मांडी घालून.

प्रमिलाबाई खिडकीच्या पडद्याआडून ऐकायच्या. एकदा कुंदाबाईने सांगितलं की गालीलचा समुद्र म्हणजे आमच्या उकाईच्या धरणाएवढं पाणी, आणि पेत्र म्हणजे आमच्याकडे जाळं टाकतात तसला गडी, तोंडाने फाटका पण मनाने बरा. प्रमिलाबाईंना इतका आनंद झाला! चूक सापडली की मास्तरणीला जो होतो तो. त्यांनी नकाशा काढून बघितला, पट्टीने मोजलं. आणि मग लक्षात आलं की ओट्यावर पुष्पाबाई हसून हसून म्हणतेय, आमचा निंबा अगदी हाच पेत्र. अकरा वर्षांत पुष्पाबाईने त्यांच्या तोंडून पेत्राचं नाव शंभरदा ऐकलं असेल, एकदाही हसली नव्हती. प्रमिलाबाईंनी पट्टी फेकून दिली.

मंगळवारचा चहा बंद झाला. मग बाकीच्या दिवशीच्या चहात कुंदाबाई आली. "कुंदा म्हणे, रोज झोपताना एका माणसाला माफ करायचं." "कुंदा म्हणे, देवाशी आपल्या बोलीत बोललं तरी चालतं." प्रमिलाबाई कपात बघत राहायच्या. हे मी तुला सांगितलं होतं गं बये, १९७९ साली सांगितलं होतं, फळ्यावर चित्र लावून सांगितलं होतं! पण तोंडाने म्हणायच्या, "हो, बरोबर आहे तिचं." आणि घरी येऊन गुडघे टेकायच्या, तर प्रार्थनेऐवजी तक्रारच बाहेर पडायची. प्रभू, पीक आलं ते चांगलंच झालं, पण नांगरलं कोणी? तिला तर मराठी धड येत नाही. हेवा वाटणं पाप आहे हे त्यांना पाठ होतं, वचनासकट पाठ होतं. पण पाठ असून काय करता, आतडं ऐकायला तयार नको का?

पुष्पाबाई आणि कुंदाबाईचं सूत जुळलं त्याला एक निमित्त घडलं होतं. कुंदाबाई येऊन आठच दिवस झाले होते. रविवारची सकाळ. गल्लीतले निम्मे लोक टीव्हीपुढे बसायचे, आणि चित्र हललं की निंबाभाऊ पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा. त्या दिवशी पाय घसरला आणि तो खालच्या दगडी पायरीवर पडला. मांडीचं हाड मोडलं. कुंदाबाईने हातगाडी पैदा केली, त्यावर गोधडी टाकली आणि ओळख ना पाळख, पुष्पाबाईबरोबर धावत त्याला दवाखान्यात नेलं. प्रमिलाबाईंच्या घरी तेव्हा महिन्याची संगती, म्हणजे प्रार्थनासभा, चालू होती, जळगावहून पाहुणे आलेले, पेटी वाजत होती. त्या बाहेर आल्या तोवर गाडी गल्लीबाहेर गेलेली. पुढे पुष्पाबाईच म्हणाली, "तुमनं गानं चालू व्हतं, तुले कसं ऐकू येई?" प्रमिलाबाई म्हणाल्या, "हो ना गं." विषय तिथे संपला.

तर माघाच्या सुमारास प्रमिलाबाईंनी एक डाव टाकला. डावच म्हणायचा, दुसरं नाव नाही. त्या कुंदाबाईकडे गेल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "कुंदा, चांगलं चाललंय हो तुझं. पण नुसत्या गप्पांनी काय होतं? जळगावच्या कार्यालयाचा पत्राद्वारे शास्त्राभ्यास आहे. धडे पोस्टाने येतात, शेवटी लेखी परीक्षा, पास झालं की दाखला. खरा अभ्यास तो." मनातला हिशोब असा, की परीक्षेचं नाव काढलं की बायका पळतील. तीस वर्षं शाळेत हेच तर पाहिलं होतं.

कुंदाबाईचा चेहरा फुलला. "मावशी, किती बरं सांगितलंत! मला हे सुचलंच नसतं." आणि पुढच्या मंगळवारी चारही बायकांची नावं जळगावला गेली. पुष्पाबाईने तर नवं शाईचं पेन घेतलं. निंबाभाऊ काठी टेकत गल्लीभर सांगत सुटला, आमची मंडळी परीक्षेला बसली. झाली का पंचाईत?

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी गल्लीत कोणालाच माहीत नव्हती. या परीक्षेचे पेपर तपासायला कार्यालयाने चार-पाच जुनी शिक्षक मंडळी नेमलेली होती, आणि त्यांतल्या एक प्रमिलाबाई होत्या. तपासणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं, पेपरावर फक्त क्रमांक, आणि आपल्या गावचे पेपर आपण तपासायचे नाहीत, असा नियम. प्रमिलाबाईंकडे भडगाव-पाचोऱ्याचे यायचे. धुळ्याचे चाळीसगावच्या एका गुरुजींकडे जायचे. पण त्या वर्षी चैत्रात गुरुजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि धुळ्याचा गठ्ठा प्रमिलाबाईंच्या दारात येऊन पडला. एक कार्ड टाकून परत पाठवायचा होता. त्यांनी पाठवला नाही.

गठ्ठ्यातला तिसरा पेपर उघडला आणि हात थांबला. क्रमांक काहीही असो, उजवीकडे वर वर चढत जाणारं ते अक्षर त्यांनी वीस वर्षं वाण्याच्या यादीत पाहिलं होतं. पुष्पाबाई.

पहिल्या प्रश्नांना त्यांनी अगदी न्यायाने गुण दिले. तीसपैकी एकोणीस. पास व्हायला पन्नासात पंचवीस हवेत. शेवटचा प्रश्न वीस गुणांचा होता: चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपल्या शब्दांत लिहा, आणि आपल्या आयुष्यात तसं काही घडलं असल्यास सांगा.

पुष्पाबाईने लिहिलं होतं:

"एक माणूस वाटेने चालला होता. त्याला चोरांनी मारले व टाकून दिले. तेव्हा एक देवळातला मोठा माणूस आला, तो बाजूने निघून गेला. दुसरा देवळातला माणूस आला, तो पण गेला. मग एक परका आला. ज्याच्या हातचे पाणी हे लोक पीत नव्हते असा. त्याने त्याला उचलले, तेल लावले, आपल्या जनावरावर घातले व धर्मशाळेत नेले.

माझ्या घरी असे झाले. माझा नवरा पत्र्यावरून पडला. मी खूप ओरडले. माझी शेजारीण फार देवभक्त आहे, तिला मी बहिणीसारखी मानते. तिच्या दाराशी जाऊन मी तीन हाका मारल्या. पण आत देवाचे गाणे चालू होते म्हणून तिला ऐकू आले नसेल. ऐकू आले असते तर ती धावतच आली असती. मग एक नवी बाई आली, तिचे नाव पण मला माहीत नव्हते. तिने गाडी आणली. तीच माझी शोमरोनी."

प्रमिलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कागदावर तेच होतं.

कारण त्यांना ऐकू आलं होतं. पहिली हाक आली तेव्हा पेटी वाजत होती हे खरं. पण दुसरी आणि तिसरी हाक आली तेव्हा गाणं संपलं होतं, प्रार्थना सुरू झाली होती, आणि ती प्रार्थना प्रमिलाबाईच चालवत होत्या. डोळे मिटलेले, समोर जळगावचे पाहुणे. "बाई! ओ बाई!" असा तो आवाज रोजचा नव्हता, हे त्यांना त्या क्षणीच कळलं होतं. पण मधेच उठायचं कसं? पाहुणे काय म्हणतील? आमेन झालं की जाते, असं मनाशी म्हणत त्यांनी प्रार्थना चालू ठेवली. आणि ती छान झाली, लांब झाली, पाहुण्यांनी नंतर वाखाणली.

हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. देवालासुद्धा नाही. आणि आता ते या चढत्या अक्षरात समोर पडलं होतं, वर त्यावर पांघरूणही घातलेलं. ऐकू आले नसेल. त्यांना रडू यायला हवं होतं. आला तो राग. कुंदाबाई तुझी शोमरोनी काय? आठ दिवसांची बाई शोमरोनी, आणि वीस वर्षं तुझ्या उंबऱ्यावर चहा पिणारी मी कोण, तर बाजूने निघून गेलेली? हे असं पेपरात लिहून जळगावला पाठवतेस? त्यांनी लाल पेन उचललं, त्या उत्तरावर एक आडवी रेघ मारली आणि समासात मोठं शून्य काढलं. शब्द एकही लिहिला नाही. एकूण एकोणीस. नापास.

पंधरा दिवसांनी निकाल आला. लिलाबाई पास, बाकीच्या दोघी पास. पुष्पाबाई तेवढी नापास. निकालासोबत तपासलेले पेपरही ज्याचे त्याला परत आले.

त्या मंगळवारी ती ओट्यावर गेली नाही. पुढच्याही नाही. कुंदाबाई बोलवायला आली तर आतूनच म्हणाली, डोकं दुखतंय. आणि बुधवारी सकाळी भिंतीवर लाटणं वाजलं. मग गुरुवारी वाजलं, शुक्रवारी वाजलं, मंगळवारी दुपारीही वाजलं! प्रमिलाबाई चहाला गेल्या. पुष्पाबाई कुंदाबाईचं नाव घेत नव्हती. जिनिंगच्या गोष्टी, सुनेच्या गोष्टी, उन्हाच्या गोष्टी. जुने दिवस परत आले होते, आणि खोटं कशाला बोला, पहिले आठ दिवस प्रमिलाबाईंना ते साखरेसारखे गोड लागले. समोरच्या ओट्यावर आता तीनच बायका दिसायच्या. पडद्याआडून त्या मोजायच्या.

नवव्या दिवशी चहा पिता पिता पुष्पाबाई म्हणाली, "कुंदानं पुस्तक मी परत करी दिधं. आपलं डोकं नही बाई त्या कामनं. लोकेस्ले देव पास करस, देवनी बी माले नापास करी टाकं." ती हसली, पण ते हसणं काही धड नव्हतं. "पहिले मी रातले दोन शब्द बोलू तेनासंगे. आते लाज वाटस."

प्रमिलाबाईंच्या हातातला कप बशीवर आपटला. अकरा वर्षं ज्याच्यासाठी गुडघे झिजवले ते उगवलं होतं, कोवळं होतं, आणि आपण स्वतःच्या हाताने, लाल शाईने ते उपटलं होतं. हे त्यांना तेव्हा कळलं. कळूनही त्या काही बोलल्या नाहीत, कारण शून्य का दिलं हे सांगायचं तर हाका ऐकल्या होत्या हेही सांगावं लागणार. आणि ते सांगितलं की वीस वर्षांचा चहा संपला. त्यांनी कप धुऊन ठेवला आणि गुपचूप घरी आल्या.

वैशाखात पुष्पाबाईने बिबड्यांचा दिवस धरला. खानदेशात उन्हाळ्यात बिबड्या केल्या नाहीत तर वर्षभर तळायला काय काढणार? ज्वारी तीन दिवस भिजवायची, भरडायची, मग पहाटे मोठ्या पातेल्यात लसूण, मिरची, तीळ घालून तिचा घाटा शिजवायचा. तो गरम असेतोवरच ओल्या फडक्यावर थापून घ्यायचा. गार झाला की थापला जात नाही, चिरतो. म्हणून एकटीचं काम नव्हे ते. दरवर्षी दोघी मिळून करायच्या. अंगणात दोन खाटा, त्यावर ओली धोतरं, मधे पातेलं.

पहिली खाट भरत आली होती. निंबाभाऊ वाटीत घाटा नि त्यावर कच्चं तेल घेऊन आत खायला गेला. पुष्पाबाईने हात पुसले, कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि खाटेच्या कडेला ठेवला.

"बाई, तू मास्तरीन शे. तू देख ना. मन्हं काय चुकनं?"

प्रमिलाबाईंना कागद उघडून बघायची गरज नव्हती.

"बाकी चुकनं ते चुकनं," पुष्पाबाई पुन्हा घाट्यात हात घालत म्हणाली, "पन हाई गोष्ट तर खरी शे. मन्हा घरमा घडेल शे. खरं लिखेलले शून्य कसं देतस? माले समजाव, म्हणजे मन्हा जीवले तरी समाधान वाटी."

आता मास्तरीणबाईंना सांगता आलं असतं. गोष्ट अपुरी लिहिलीस, नावं घातली नाहीस, प्रश्न नीट वाचला नाहीस. तीस वर्षं असली शंभर कारणं त्यांनी पोरांच्या पालकांना दिली होती. तोंडावर आलंही एक. पण पुष्पाबाई त्यांच्याकडे अशी बघत होती, की बाई जे सांगेल ते खरंच असणार. प्रमिलाबाईंवर विश्वास ठेवून आपलं कधी चुकलं नाही, असं तिला वाटत होतं.

"तुझं काही चुकलं नाही पुष्पा," त्या म्हणाल्या. "शून्य मी दिलं."

"म्हंजे?"

"पेपर मीच तपासले. मला ते गुप्त ठेवायला सांगितलेलं असतं. तुझं अक्षर मी ओळखलं. तू कुंदाला शोमरोनी लिहिलंस ते मला सहन झालं नाही. मी जळाले. ती आल्यापासून रोज जळतेय."

पुष्पाबाईचा हात फडक्यावर थांबला. मग चक्क तिला हसू फुटायला लागलं. "व माय! इतलासाठे? अव, तू मन्ही बहीण, ती..."

"ऐक. संपलं नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तू लिहिलंस, मला ऐकू आलं नसेल. तिथे माझ्या हाताने रेघ मारली, कारण ते खोटं होतं."

ऊन चढलं होतं. आतून निंबाभाऊच्या वाटीचा आवाज येत होता.

"तुले ऐकू उनं व्हतं?" पुष्पाबाईने विचारलं.

"आलं होतं."

"बठ्ठं?"

"सगळ्या नाही. दोन हाका स्पष्ट. मी प्रार्थना करत होते. पाहुण्यांसमोर उठायची मला लाज वाटली."

पातेल्यात अजून अर्धा घाटा होता आणि तो थांबणार नव्हता. पुष्पाबाईने गोळा उचलला, पाण्यात हात बुडवला, थापायला लागली. प्रमिलाबाईंनाही उठता येईना. त्याही थापायला लागल्या. अशा दोघी एका खाटेवर समोरासमोर, एकमेकींच्या हातांना हात लागेल इतक्या जवळ, तासभर एक शब्द न बोलता. प्रमिलाबाईंचे डोळे वाहत होते आणि हात घाट्याने भरलेले, पुसायची सोय नाही. पुष्पाबाईने पाहिलं. दर वर्षी असा घाम डोळ्यांत गेला की ती आपल्या पदराने त्यांचं तोंड पुसायची. या वर्षी पुसलं नाही.

पातेलं खरवडून झालं. शेवटची बिबडी थापली. पुष्पाबाईने हात धुतले, कोपरापर्यंत नीट धुतले, आत गेली आणि आपलं शाईचं पेन घेऊन बाहेर आली. ओट्यावर बसून तिने कागद मांडीवर उघडला. 'पण आत देवाचे गाणे' पासूनची दोन वाक्यं तिने खोडली. मास्तरणीसारखी रेघ नाही, गिरवून गिरवून खोडली. आणि वर, त्याच चढत्या अक्षरात, सावकाश लिहिलं: 'तिला ऐकू आले होते. ती आली नाही.'

तिने कागद आणि पेन प्रमिलाबाईंपुढे धरलं.

"आते तपास."

प्रमिलाबाईंनी वाचलं. शून्यावर काट मारून शेजारी वीस लिहिले, आणि खाली सही केली, जी तपासणाऱ्याने कधीच करायची नसते. आकडे स्वच्छ आले.

"कितलं व्हयनं?"

"एकोणचाळीस. तू पास आहेस. चांगली पास आहेस. जळगावला मी कळवते, काय घडलं ते सगळं लिहून."

पुष्पाबाईने शाई वाळू दिली, कागदाची घडी घातली. मग ती उठली आणि घरात न जाता सरळ समोर, कुंदाबाईच्या ओट्याकडे निघाली. अर्ध्या गल्लीत थांबून मागे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, उघड राग, आणि तो तिने लपवला नाही.

"मंगळवारले कुंदाघर हाई वाची दाखाडसू मी. बठ्ठ्यास्नासमोर. तू बी ये. तुन्हा तोंडवरच वाचसू."

"येते," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"शिकाडाले नको येऊ. मिरच्या खुडाले ये."

कुंदाबाईचं दार उघडलं, आतून तिचा आनंदाचा आवाज आला आणि दोघींची डोकी त्या कागदावर वाकली. प्रमिलाबाई खाटेजवळ उभ्या राहून बघत होत्या. एवढं होऊनही, खरं सांगायचं तर, त्यांना हेवा वाटलाच. पण या वेळी त्या पडद्याआड गेल्या नाहीत.